आंबटपणाच्या भरवशावर

वांगं चिरलं की आपण फोडी पाण्यात टाकतो. नाही टाकल्या तर थोड्या वेळात काळवंडतात, कारण वांग्यातलंच एक एन्झाइम हवेतला ऑक्सिजन हाताशी धरून तिथल्या फेनॉल जातीच्या रसायनांना तपकिरी करतं. हिरव्या द्राक्षांचा रस काढला की त्याचंही हेच होतं. रस पाण्यात बुडवून ठेवता येत नाही, म्हणून बहुतेक वाइनरीत द्राक्षं दाबतानाच सल्फर डायऑक्साइड घालतात. एन्झाइम गपगार होतं, सालीवरून आलेले नको ते जिवाणूही. मग पाकिटातलं यीस्ट, टाकीभोवती थंडगार पाणी, शेवटी गाळणी. नितळ, ठरल्या चवीची व्हाइट वाइन तयार.

यातलं शक्य तितकं टाळणारी माणसं आहेत. फ्रान्समध्ये आँजे शहराजवळ, ल्वार नदीच्या काठी सावेनिएर नावाचं गाव आहे. तिथल्या उतारावर ‘कुले द सेराँ’ ही जेमतेम ७ हेक्टरची, म्हणजे सतरा एकरांची बाग आहे. ११३०च्या सुमारास सिस्टर्शियन भिक्षूंनी इथे वेली लावल्या. जोली कुटुंबाकडे ती १९६२ पासून आहे. बँकेतली नोकरी सोडून निकोला जोली घरी परतले, तेव्हा सल्ला मिळाला की तणनाशक मारा, खर्च वाचेल. मारलं, आणि दोनेक वर्षांत मातीचा रंगच पालटलेला दिसला, असं ते सांगतात. तिथून ते बायोडायनॅमिक शेतीकडे वळले. गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर पुरायचं वगैरे. शिंगामुळे आणि चंद्राच्या कलांमुळे वाइन सुधारते याला पुरावा नाही, हे स्पष्ट म्हटलेलं बरं. पण उभ्या चढावर घोड्याने नांगरट करणारा माणूस रोज बागेत असतो. वाइनला गुण येतो तो त्या पायपिटीने, असं मला वाटतं.

बाग एकच, द्राक्षाची जातही एकच: शेनिन ब्लाँ. ही जात एका दमात पिकत नाही, म्हणून त्याच वेलींवरून तीन-चार फेऱ्यांत खुडणी होते. यीस्ट विकत आणत नाहीत. दह्याला विरजण लागतं, इडलीचं पीठ मात्र आपलं आपण फुगतं, तसंच हे. सुरुवातीला सालीवरची रानटी यीस्टं कामाला लागतात. अल्कोहोल पाच टक्क्यांच्या आसपास पोचलं की त्यातली बहुतेक गारद होतात आणि सॅकरोमायसिस हे दणकट यीस्ट साखरेचा उरलेला फडशा पाडतं. काळवंडलेल्या रसाचं काय? तो काळवंडला तरी बिघडत नाही. तपकिरी झालेली रसायनं आंबताना गाळाबरोबर तळाला बसतात आणि वरची वाइन पुन्हा उजळते. पुढे काळी पडायला त्यात फारसं काही उरलेलंच नसतं.

थंड करणारी यंत्रणा न लावता हे जमतं, यामागे भूमिती आहे. रस आंबताना तापतो. लग्नाच्या पातेल्यातला भात तासन् तास गरम राहतो, ताटलीतला लगेच निवतो. तसंच पाचशे लिटरच्या लाकडी पिंपाला, आकारमानाच्या मानाने, उष्णता सोडायला पृष्ठभाग भरपूर मिळतो. बाहेर ऑक्टोबरचा गारवा असतोच. वीस हजार लिटरच्या टाकीला ही चैन परवडत नाही.

सगळ्यात मोठा पहारेकरी मात्र आंबटपणा. युरोपात कोरड्या व्हाइट वाइनमध्ये लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत सल्फाइट, म्हणजे सल्फर डायऑक्साइड, चालतं, रेड वाइनमध्ये १५०. रेडला सालीतल्या टॅनिन या तुरट द्रव्याचं कवच असतं, व्हाइटला ते जवळपास नसतंच. पण वाइनमध्ये मोकळा असलेला सगळा सल्फर डायऑक्साइड जंतू मारत नाही. मारतो तो फक्त त्याचा विद्युतभार नसलेला भाग. पीएच जितका कमी तितका आंबटपणा जास्त. पीएच ३ असेल तर हा भाग शंभरात सहा, ३.५ झाला की दोनच. म्हणजे वाइन आंबट असेल तर तिसरा हिस्सा गंधकात तेवढंच काम होतं. शेनिन मुळातच आंबट. कमी गंधकावर निभावण्याची हिंमत इथून येते.

हीच शेनिन नाशिककडे भरपूर लावली जाते. पण तिथे गोडी बहार छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास होते आणि खुडणी जानेवारी ते मार्चमध्ये, ऊन चढत असताना. उष्णतेत द्राक्षाचा मणी आपल्यातलं मॅलिक आम्ल श्वसनात जाळून टाकतो. साखर चढते, आंबटपणा उतरतो. पहाटे खुडणं आणि टाकी गार ठेवणं तिथे अपरिहार्य असतं. त्यासाठी नाशिकच्या माणसाला ‘निसर्गाविरुद्ध’ म्हणून हिणवण्यात अर्थ नाही.

आणि गंधकाचा हात आखडता घेतला की एक खास खोट डोकं वर काढते. ती नाकाला कळत नाही. घोट गिळल्यावर दहा-पंधरा सेकंदांनी घशातून उंदराच्या बिळासारखा वास येतो. हा वास देणारी रसायनं वाइनच्या आंबटपणात बांधलेली असतात. लाळेशी गाठ पडून पीएच वाढला की ती सुटतात, हवेत उडतात. त्यातलं एक म्हणजे २-ॲसिटिल-१-पायरोलिन. आंबेमोहर शिजताना घरभर दरवळतं ते हेच. भातात हवंहवंसं, वाइनमध्ये नकोसं. लाळ ज्याची त्याची वेगळी, म्हणून एकाच पिंपातली वाइन एकाला निर्मळ लागते आणि दुसरा तोंड वाकडं करतो. अशा तळघरात पिंपाची वाइन चाखणारा म्हणूनच घोट थुंकल्यावर लगेच काही बोलत नाही. पुढच्या पिंपाकडे वळण्याआधी गप्प उभा राहतो.