‘पडून राहा’ ते ‘आधी ईसीजी काढा’: हृदयविकाराच्या झटक्याची शंभर वर्षं

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात रात्री-अपरात्री कुणाच्या छातीत कळ आली की घरातलं पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं: “पित्त झालं असंल, जरा पडा.” मग ओवा, सोडा, बाम. दरदरून घाम फुटलेला असतो, कळ डाव्या हाताकडे नाहीतर जबड्याकडे सरकत असते, तरी सकाळी बघू म्हणून रात्र काढली जाते. याला अडाणीपणा म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात मोठमोठे डॉक्टरही हेच सांगत होते.

राजर्षी शाहू महाराज ६ मे १९२२ रोजी मुंबईत हृदयविकाराने गेले, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. हृदयाची बंद पडलेली रक्तवाहिनी उघडेल असा उपचार त्या वेळी जगात कुठेच नव्हता. आजाराची ओळखही नवी होती. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत गुठळी अडकते आणि तरीही माणूस तिथल्या तिथे मरतोच असं नाही, हे शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१२ साली लिहिलं, तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही. हृदयाच्या विद्युत हालचालीचा आलेख काढणारं डच शास्त्रज्ञ आइन्थोव्हेन यांचं ईसीजीचं यंत्र आलं होतं, पण ते एवढं अवजड होतं की रुग्णाच्या घरी नेण्याचा प्रश्नच नव्हता.

त्यामुळे उपचार म्हणजे वेदना शमवणारं मॉर्फिन आणि विश्रांती. विश्रांतीही कसली, तर सहा-सहा आठवडे पाठीवर. घासही दुसऱ्याने भरवायचा. हृदयाला झालेली जखम भरून यायला हवी, हा त्यामागचा विचार होता. प्रत्यक्षात इतकं पडून राहिल्यानं पायात गुठळ्या होत, त्या फुफ्फुसात जाऊन माणसं दगावत. १९५२ मध्ये बोस्टनच्या लेव्हिन आणि लाऊन या डॉक्टरांनी रुग्णांना खुर्चीत बसवायचं ठरवलं तेव्हा त्यांच्यावर टीकेची झोड उठली, पण बसवलेले रुग्ण सुधारले. आपल्याकडे घरोघरी मुरलेला ‘हलू नका’ हा सल्ला त्या जुन्या काळातला आहे.

पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत सगळं पालटलं. १९६० साली बाल्टिमोरमध्ये विद्युत अभियंता कौवेनहोवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की थांबलेलं हृदय छाती न उघडता, नुसत्या दोन हातांच्या दाबानं काही काळ चालवता येतं. याचं मूळ कुत्र्यांवरच्या एका निरीक्षणात होतं: शॉक देणारे जड इलेक्ट्रोड छातीवर दाबले की रक्तदाब किंचित वाढतो. आज कोसळलेला माणूस हाकेला प्रतिसाद देत नसेल आणि त्याचा श्वास बंद असेल किंवा नुसते आचके येत असतील, तर १०८ ला फोन लावून छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब द्यायचा, तो याच शोधामुळे. बेलफास्टचे डॉ. पँट्रिज यांनी १९६६ साली तर शॉकचं यंत्र गाडीत घालून थेट रुग्णाच्या दारात नेलं.

खरा निकाल लागला ऐंशीच्या दशकात. गुठळी हेच कारण की नुसता परिणाम, हा वाद तोवर चालू होता. १९८० मध्ये अमेरिकेतल्या डॉ. डीवूड यांनी झटका आल्यावर काही तासांतच अँजिओग्राफी, म्हणजे वाहिन्यांत रंगद्रव्य सोडून क्ष-किरण तपासणी, केली आणि बहुतेकांची वाहिनी गुठळीनं बंद सापडली. मग गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज आणि साधी ॲस्पिरिन यांची परीक्षा झाली. १९८८ च्या इसिस-२ या चाचणीत १७,१८७ रुग्ण होते. दोन्ही औषधं मिळालेल्यांतले मृत्यू, काहीच न मिळालेल्यांच्या तुलनेत, सुमारे ४२ टक्क्यांनी कमी झाले. तेव्हापासून घड्याळाला औषधाइतकंच महत्त्व आलं, कारण वाहिनी बंद राहील तितका वेळ हृदयाचा स्नायू मरत जातो.

झटका टाळता येतो, हे १९४८ साली सुरू झालेल्या अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या पाहणीतून हळूहळू उमगलं: रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सिगारेट. आपल्यासाठी मात्र २००४ चा इंटरहार्ट अभ्यास जास्त बोलका आहे. बावन्न देशांतल्या रुग्णांच्या या अभ्यासात दक्षिण आशियातल्यांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला, इतरांना ५९ च्या आसपास. चघळायच्या तंबाखूनंही धोका वाढतो, हेही त्यातूनच पुढे आलं. निपाणीचा तंबाखूपट्टा आपल्या उंबऱ्यावर आहे. बिडी सोडली म्हणून समाधान मानणारा माणूस चुना-तंबाखू मळतो, घरातली म्हातारी दोनदा मिश्री लावते आणि हे व्यसन कुणाच्या हिशेबात येत नाही. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला सगळे बोल लावतात. मला तंबाखू, मीठ आणि न तपासलेलं बीपी यांची काळजी जास्त वाटते.

बायकांना आणि मधुमेह्यांना छातीत फारसं न दुखताही झटका येऊ शकतो. अचानक दम लागणं, मळमळ, गळून जाणं एवढंच होतं. पित्ताचा संशय इथेच सर्वांत महागात पडतो.

ईसीजी काढायला दहा मिनिटं पुरतात. छातीवर सहा आणि हातापायांना चार इलेक्ट्रोड लावले की चौकटीच्या कागदावर रेषा उमटते. मोठी वाहिनी पूर्ण बंद असेल तर त्या रेषेचा एक भाग बहुधा वर उचललेला दिसतो. पहिला ईसीजी साधा आला तरी कळ थांबत नसेल तर तो पुन्हा काढावा लागतो. कोल्हापूर शहरातला माणूस थोड्या वेळात सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा अँजिओप्लास्टी (बंद वाहिनी आतून फुगा घालून उघडणं) होते अशा खासगी रुग्णालयात पोचतो. चंदगड, आजरा, गगनबावड्याहून घाटवळणाच्या रस्त्यानं ते जमत नाही. दोन तासांत अँजिओप्लास्टी होण्यासारखी नसेल तर जवळच्या रुग्णालयातच गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यावं आणि मग रुग्ण पुढे पाठवावा, अशी आजची वैद्यकीय रीत आहे. म्हणून अशा गावांत गाडी थेट कोल्हापूरकडे दामटण्याआधी १०८ वर विचारून घ्यावं की वाटेत ईसीजी आणि हे इंजेक्शन कुठे मिळेल. रुग्णाला मोटरसायकलवर मधे बसवून नेऊ नये, त्याला स्वतः गाडी चालवू देऊ नये आणि आधीच्या औषधांच्या चिठ्ठ्या सोबत घ्याव्यात.