रूप पंचेचाळीसचं, गोळी बत्तीसची

सुभेदारकाका आमच्या वाडीतले. सैन्यातून निवृत्त होऊन देवगडजवळच्या गावी आले त्याला वीस वर्षं झाली. हापूसची कलमं, चार माड, आणि वानरांना पळवायला शेती-संरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअरची बंदूक. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची. गेल्या मे महिन्यात ते मोबाइल घेऊन आमच्या ओटीवर आले आणि एक फोटो पुढे धरला. चपटं, चौकोनी, काळंभोर पोलादी पिस्तूल.

"मास्तरांनू, ह्या पंचेचाळीस न्हय, बत्तीस आसा. दिसता मात्र तसाच. घेव काय?"

मी पस्तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. पिस्तूल हातातही धरलेलं नाही. घ्यावं की नाही हे मी काय सांगणार? पण साचा तोच ठेवून गोळी बदलली तर नेमकं काय बदलतं, हा अस्सल भौतिकशास्त्राचा प्रश्न आहे, आणि तो माझ्या डोक्यातून जाईना.

फोटोतल्या पिस्तुलाचा मूळपुरुष म्हणजे जॉन ब्राउनिंग या अमेरिकी कारागिराचं '१९११'. त्या वर्षीच्या २९ मार्चला अमेरिकी लष्कराने ते स्वीकारलं, म्हणून नावही सालाचंच. रिकाम्याचं वजन साधारण १.१ किलो, नळी १२७ मिलिमीटर, मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत सरकवायच्या गोळ्यांच्या डबीत, .४५ इंच जाडीच्या सात गोळ्या. १९८५ साली ९ मिमीचं पिस्तूल येईपर्यंत ते अमेरिकी सैन्याचं अधिकृत पिस्तूल होतं. त्यामुळे शौकिनांच्या लेखी '१९११ म्हणजे .४५', बाकी सगळं भेसळ.

गंमत अशी की भेसळ म्हणतात त्या गोळ्या वयाने मोठ्या आहेत. .३२ ची गोळी १८९९ ची, आणि तीही ब्राउनिंगचीच. जर्मनीत लुगर या रचनाकाराने ९ मिमी काढली १९०२ मध्ये. .४५ त्यानंतरची, म्हणजे तिघींत धाकटी. सुभेदारकाकांनी नोकरीत वापरलं तेही ईशापूरच्या कारखान्यात बनलेलं ९ मिमीचं पिस्तूल, ब्राउनिंगच्याच शेवटच्या आराखड्यावरचं. तो १९२६ मध्ये वारला, त्याचं अर्धं राहिलेलं काम बेल्जियममध्ये सेव्ह या रचनाकाराने पुरं केलं आणि १९३५ मध्ये ते बाजारात आलं. म्हणजे काकांचा हात आधीपासून ब्राउनिंगच्या घराण्यातलाच.

आता हे आकडे. .४५ म्हणजे इंचाचे शंभरातले पंचेचाळीस भाग, सुमारे साडेअकरा मिलिमीटर. .३२ म्हणजे जवळजवळ आठ. बारा बोअरचा बारा मात्र मोजपट्टीवर सापडत नाही, तो तराजूवरचा आकडा आहे. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर त्यातला एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअरची. ओटीवर बसून आम्ही हिशेब केला. ४५३.६ ग्रॅमचा बारावा भाग ३७.८ ग्रॅम, शिशाची घनता ११.३, गोळ्याचा व्यास निघतो १८.५ मिलिमीटर. काकांनी आत जाऊन पट्टी आणली आणि बंदुकीच्या तोंडाला लावली. जमलं. या हिशेबात आकडा वाढला की नळी बारीक होते, म्हणून सोळा बोअर बारापेक्षा लहान. पिस्तुलाचं नेमकं उलटं.

आता खरा मुद्दा. खाडीत होडीतून धक्क्यावर उडी मारली की होडी मागे सरकते. उडी मारणारा जड असेल तर जास्त सरकते, जोरात मारली तरी जास्त सरकते. वजन गुणिले वेग, याला संवेग म्हणतात. गोळी जितका संवेग घेऊन पुढे जाते, तितकाच पिस्तुलाला मागे मिळतो. (जळलेल्या दारूचा वायूही पुढे सुटतो, त्याचा वाटा इथे सोडून देऊ.)

.४५ ची गोळी साधारण १५ ग्रॅमची, वेग सेकंदाला २५५ मीटर. ९ मिमीची साडेसात ग्रॅम, वेग ३५०. .३२ ची फक्त ४.६ ग्रॅम, वेग २७५ च्या आसपास. संवेग अनुक्रमे ३.८, २.६ आणि १.३ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. पण ऊर्जा काढली तर चित्र पालटतं. .४५ ची सुमारे ४९० ज्यूल, ९ मिमीची ४६० च्या घरात, .३२ ची १७५. पहिल्या दोघींची ऊर्जा जवळपास सारखी, तरी हाताला बसणारा धक्का वेगळा. हे कसं?

नळीकडे बघा. १९११ .४५ चं असो की ९ मिमीचं, ती तेवढीच लांब. ऊर्जा म्हणजे जोर गुणिले अंतर. अंतर जवळपास सारखं आणि ऊर्जाही सारखी, म्हणजे वायूचा सरासरी जोरही सारखाच असणार. मात्र संवेग म्हणजे जोर गुणिले वेळ. हलकी गोळी चटकन पळते, मिलिसेकंदही पुरा व्हायच्या आत नळीबाहेर. जड गोळी तेवढ्याच नळीत थोडी रेंगाळते, तितका वेळ वायू तिला पुढे आणि पिस्तुलाला मागे रेटत राहतो. जोर तोच, रेटायला वेळ जास्त. पस्तीस वर्षांत हे सूत्र मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, पण 'जोर गुणिले वेळ' हे इतकं स्वच्छ दिसेल असं उदाहरण मला कधी सुचलं नव्हतं.

परिणाम हाताला कळतो. १.१ किलोचं पिस्तूल .४५ ने सेकंदाला साडेतीन मीटर वेगाने मागे येऊ बघतं, त्यात साडेसहा ज्यूल ऊर्जा. तेच पिस्तूल ९ मिमीत असेल तर तीन ज्यूलच्या आसपास. म्हणजे समोरच्या टोकाला जवळपास तेवढाच मार आणि मनगटाला निम्माच धक्का. परदेशात ९ मिमीतलं १९११ खपतं त्याचं मोठं कारण हेच. .३२ मध्ये तर ज्यूलही पुरा होत नाही. अर्थात .३२ ची पिस्तुलं लहान आणि हलकी असतात, ६०० ग्रॅमचं धरलं तर सव्वा ज्यूल. तरीही किरकोळच.

"म्हणजे बत्तीस कमजोर?" काकांचा चेहरा उतरला. म्हटलं, परसातल्या माडाकडे बघा. दीड किलोचं शहाळं बारा मीटरवरून खाली आलं तर त्याची ऊर्जा किती? १७६ ज्यूल. .३२ च्या गोळीएवढीच. संवेग मात्र गोळीच्या अठरा पट, म्हणून शहाळं माणसाला आडवा करतं. गोळी तीच ऊर्जा करंगळीच्या नखापेक्षाही लहान जागेत ओतते, म्हणून ती आत शिरते. यातलं काहीही डोक्यावर घ्यायची हौस कुणाला नसावी. माडाखाली खाट टाकू नये हे आमच्या आजीला संवेगाचा धडा न शिकताच ठाऊक होतं.

गोळी बदलली की आतलं यंत्रही बदलावं लागतं. १९११ ची वरची सरकती पेटी, म्हणजे स्लाइड, धक्क्याने मागे जाते, रिकामं काडतूस फेकते आणि स्प्रिंगच्या जोरावर पुढे येताना नवी गोळी नळीत सारते. स्प्रिंग .४५ साठी बेतलेली आणि गोळी हलकी असेल तर स्लाइड पुरती मागे जात नाही, रिकामं काडतूस दारातच अडकतं. म्हणून ९ मिमीच्या १९११ ला हलकी स्प्रिंग घालतात. लांबीचंही तसंच. .४५ चं काडतूस टोकापासून बुडापर्यंत ३२.४ मिमी, ९ मिमीचं ३० सुद्धा नाही. मूळ मॅगझिनमध्ये ते आखूड पडतं, मागची फट भरून काढावी लागते. कोल्ट कंपनीने १९२९ मध्ये .३८ सुपर आणली ती बरोबर या साच्यात बसणारी. लांबी जवळजवळ .४५ इतकीच, गोळी बारीक आणि वेगवान. शुद्ध यंत्राच्या दृष्टीने बघितलं तर मला '.४५ सोडून दुसरं' यात हीच निवड सर्वांत नेटकी वाटते. १० मिमीचं '१९११' आलं १९८७ मध्ये, पण त्यात धक्का .४५ पेक्षाही वरचढ, आणि सत्तरीच्या मनगटांचा तो विषयच नव्हे.

फोटोतलं पिस्तूल स्पेनमधलं, लामा या छापाचं. बाहेरून हुबेहूब १९११, अगदी मुठीच्या पाठीवरच्या दाबपट्टीसह. आतून मात्र निराळं. मूळ १९११ मध्ये नळी आणि स्लाइड एकमेकांत खाचांनी अडकलेल्या असतात. दोघी मिळून काही मिलिमीटर मागे जातात, मग नळीचं बूड खाली झुकतं आणि स्लाइड सुटते. गोळी बाहेर पडून आतला दाब उतरेपर्यंत दार, म्हणजे नळीचं मागचं तोंड, बंद ठेवायची ही युक्ती. .३२ ला तिची गरजच नाही. तिथे नळी पक्की, आणि नुसतं स्लाइडचं वजन व स्प्रिंग दार पुरेसा वेळ दाबून धरतात. .४५ ला हाच सोपा मार्ग घ्यायचा तर स्लाइड इतकी अवजड लागेल की कमरेला वरवंटा बांधल्यासारखं होईल. माझ्या मते .३२ चं खरं सौंदर्य हेच. भाग कमी, साफ करायला सोपं.

आणि आपल्याकडे तसाही पर्याय कुठे आहे? .४५ आणि ९ मिमी दोन्ही निषिद्ध बोअर, सर्वसाधारण नागरिकाच्या परवान्यावर ती मिळत नाहीत. परदेशात 'परंपरेबाहेरची' गोळी हौसेने निवडतात, इथे कायदाच निवडून देतो. विदेशी पिस्तुलांची खासगी आयात १९८० च्या दशकात थांबली, तेव्हा लामासारखी मिळतात ती जुनी, हातबदल झालेली. त्यात १९५९ च्या शस्त्र कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. काकांची बारा बोअर धरली तर हे दुसरं आणि शेवटचं.

मी मात्र त्यांना बोअरपेक्षा गंजाची भीती घातली. काळंभोर दिसतं तो रंग नव्हे. पोलादावर मुद्दाम चढवलेला लोहाच्या ऑक्साइडचा पातळ थर आहे तो, म्हणजे चांगल्या गंजाने वाईट गंज अडवायचा. समुद्रावरून येणारं मीठ या थरातून सहज आत घुसतं आणि पोलादाला बारीक खड्डे पाडतं. आमच्याकडे पावसाळ्यात खिडकीचे गज सोलून निघतात, तिथे पिस्तुलाची काय कथा. तेलाचा हात हवा, आणि चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवणं तर नकोच. चामडं ओल धरून बसतं.

जाता जाता एक जुनी गोष्ट सांगितली. इंग्रजांच्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यात ठेवली जात, आणि पाऊस सरल्यावर बघावं तर पितळेच्या नळ्यांना आपोआप चिरा गेलेल्या. अनेक वर्षं कोडं सुटलं नाही. १९२१ मध्ये कारण नीट मांडलं गेलं. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, आणि पितळ थंडच ओढून घडवताना त्यात राहिलेला ताण. दोन्ही एकत्र आले की धातू तडकतो. घडवल्यावर पितळ बेताचं तापवून तो ताण घालवला की चिरा जात नाहीत.

काका एकदम उठले. मोबाइल ओटीवरच राहिला. त्यांच्या बारा बोअरच्या जुन्या पितळी बुडाच्या काडतुसांचा डबा दहा वर्षं गोठ्यावरच्या माळ्यावर होता, खाली दोन म्हशी. अंगणातून जाताना म्हणाले, "मास्तरांनू, ह्या आधी सांगूक होया होता."