हिऱ्यांच्या चिमटीतली अतिसंवाहकता

'टोपोलॉजिकल पदार्थात अतिसंवाहकता सापडली' अशी बातमी आली की पुढचं वाक्य ठरलेलं: क्वांटम संगणक आता आलाच! जरा दमानं. अतिसंवाहक म्हणजे ज्यातून वीज अजिबात रोध न होता वाहते असा पदार्थ. टोपोलॉजिकल म्हणजे ज्याच्या पृष्ठभागाचे इलेक्ट्रॉन आतल्यांपेक्षा खास वागतात असा. अतिसंवाहक झालेला टोपोलॉजिकल पदार्थ वेगळा आणि टोपोलॉजिकल अतिसंवाहक वेगळा: दुसऱ्यात अतिसंवाहकताच टोपोलॉजिकल असते.

बिस्मथ टेल्युराइड हा टोपोलॉजिकल पदार्थ घ्या. आतून विद्युतरोधक, पृष्ठभागावर मात्र वाहक. तिथल्या इलेक्ट्रॉनचा स्पिन (त्याचं जन्मजात इवलंसं चुंबकत्व) त्याच्या धावण्याच्या दिशेशी बांधलेला असतो. वाटेत अशुद्धीचा अणू आला तरी इलेक्ट्रॉन सरळ माघारी वळू शकत नाही. त्यासाठी स्पिनही उलटावा लागेल, आणि चुंबकत्व नसलेल्या अणूला ते जमत नाही.

आता याला दाबायचं, अतिसंवाहक होतो का ते बघायला. त्यासाठीचं यंत्र तळहातावर मावतं! दोन हिरे टोकाला टोक भिडवून, मध्ये धातूचा पातळ पत्रा, पत्र्याला बारीक भोक, भोकात नमुन्याचा कण. टोकं मिलिमीटरहूनही लहान, त्यामुळे नुसते स्क्रू आवळून लाखभर वातावरणांइतका दाब मिळतो. शेजारी माणकाचा कण ठेवतात. लेझर पडला की तो 694 नॅनोमीटरच्या आसपास लाल चमकतो. दाब वाढला की ही तरंगलांबी सरकते, त्यावरून दाब कळतो. (हिऱ्या-माणकांनी ग्रह वळत नाहीत, अणू मात्र एकमेकांजवळ सरकतात. मला तेवढं पुरेसं आहे.)

बिस्मथ टेल्युराइडचे थर पाच-पाच अणूंचे, आणि थराथरांतली पकड ढिली. दाबाखाली आधी या फटी आवळतात. शेजारच्या अणूंची कक्षकं एकमेकांत अधिक शिरतात, इलेक्ट्रॉनांचे ऊर्जापट्टे (त्यांना मुभा असलेल्या ऊर्जा) रुंदावतात, वाहायला मोकळीक मिळते. त्याच वेळी अणूंची जाळी ताठर होते. अतिसंवाहकतेसाठी इलेक्ट्रॉनांच्या जोड्या लागतात आणि 1957च्या बीसीएस सिद्धांतानुसार त्या जाळीच्या कंपनांमुळे जमतात; ताठर जाळीत ते अवघड. म्हणजे दाब एका हातानं देतो, दुसऱ्यानं काढून घेतो. इथे पारडं देण्याकडे झुकलं: साधारण 30 हजार वातावरणांच्या पुढे, सुमारे 3 केल्विनला (उणे 270 अंश सेल्सिअसला) रोध नाहीसा होतो, तोही मूळ रचना शाबूत असताना. दाब आणखी वाढवला की रचनाच बदलते, मग पृष्ठभागाची ती खासियत गृहीत धरता येत नाही. मॉलिब्डेनम टेल्युराइड या दुसऱ्या पदार्थाची उडी तर मोठीच: अतिसंवाहकता सुरू होण्याचं तापमान 0.1 केल्विनवरून 8.2 केल्विन, 11.7 गिगापास्कलला (सुमारे 1 लाख 15 हजार वातावरणं).

पण जोड्या नेमक्या कुठल्या इलेक्ट्रॉनांच्या जमल्या? पृष्ठभागावरच्या, की आतल्या साध्यासुध्या? क्वांटम संगणकवाल्यांना हवे असलेले मायोराना (टोपोलॉजिकल अतिसंवाहकात अपेक्षित असलेल्या कणासारख्या अवस्था) त्यावर अवलंबून आहेत. याचा थेट पुरावा म्हणजे प्रकाश टाकून पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन बाहेर काढायचे आणि त्यांची ऊर्जा व दिशा मोजायची. हिऱ्यातून प्रकाश आरपार जातो, क्ष-किरणही जातात. इलेक्ट्रॉन काही बाहेर येत नाहीत.