पूजेसाठी जुने ठासणीचे पिस्तूल काढण्याआधी

दसरा जवळ आला की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या वाड्यांमधून साफसफाईसाठी आमच्याकडे ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून बंदुकीची दारू आणि गोळी ठासून भरायची, छोटी एकबारी पिस्तुले येतात. जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली, तळहातात मावणारी. घरचे सांगतात, "रिकामेच आहे, आजोबांपासून कोणी हात लावलेला नाही." तेच ऐकून आम्हाला शंका येते. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. मागे एका पिस्तुलात गोळी आणि दारू जशीच्या तशी निघाली, आणि घरातली मुले त्याचा चाप ओढून खेळलेली होती.

म्हणून चापाला हात लावू नका. घोड्याखाली (चाप ओढल्यावर आपटतो तो भाग) दारू पेटवणारी तांब्याची टोपी बसलेली दिसली तर पिस्तूल आहे तिथेच राहू द्या आणि आम्हाला फोन करा. टोपी नसेल तर नळीचे तोंड माणसांपासून दूर ठेवून एक बारीक लाकडी काडी तळापर्यंत सोडा, तोंडाशी खूण करा आणि तीच काडी बाहेरून नळीला लावून पाहा. टोक टोपीच्या जागेजवळ पोचायला हवे. बोटभर आधीच थांबले तर आत बार, म्हणजे दारू आणि गोळी, भरलेला आहे असे समजा. तो उपसायला जाऊ नका.

"एकदा बार उडवून बघू का?" असे बरेच जण विचारतात. जुन्या नळीतून नको, असेच आम्ही सांगतो. आतला गंज वरून दिसत नाही. गोळी दारूवर घट्ट न बसता मध्ये पोकळी राहिली तर नळी फुटू शकते. आजच्या काडतुसातली दारू घातली तर हातातच फुटेल. शिवाय ही पिस्तुले चार पावलांवरच्या माणसासाठी बनलेली. 1865 मध्ये लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली ती हेन्री डेरिंजर यांनी बनवलेल्या अशाच एकबारी पिस्तुलातून, अगदी जवळून. नव्या प्रतिकृतीने नेम मारायचा असेल तर परवाना आणि अधिकृत रेंज, दोन्ही हवेत.

प्रतिकृतीतून बार उडवल्यावर त्याच दिवशी नळी धुवा. काळ्या दारूचा निम्म्याहून जास्त भाग जळून घट्ट मळ होतो. तो हवेतले पाणी ओढतो, आणि ग्वाल्हेरच्या पावसाळ्यात दोन दिवसांत नळी लाल होते. नुसत्या तेलाने तो निघत नाही, त्याला गरम पाणीच लागते. चिंधी काळी यायची थांबेपर्यंत पुसा, नळी पूर्ण वाळवा, मग तेलाचा हलका हात फिरवा.

मुठीवरच्या चांदी-पितळेला चिंच आणि राख लावू नका, नक्षी झिजते. आणताना शस्त्राचे कागद सोबत असू द्या.