गोमुखाचं पाणी चुन्यामुळे पांढरं नाही

आमच्या चोपड्याकडचं माणूस गंगोत्रीला जाऊन आलं की हमखास सांगतं, "तिथल्या डोंगरात चुना आहे, म्हणून पाणी दुधासारखं." हे वर्षानुवर्षं चाललंय, आणि खरं नाही.

गोमुख सुमारे ४,००० मीटर उंचीवर आहे. जवळपास ३० किलोमीटर लांबीच्या गंगोत्री हिमनदीच्या तोंडातून तिथे भागीरथी निघते. भोवतालचा खडक मुख्यतः ग्रॅनाइट आणि नाइस (पट्ट्यापट्ट्यांचा कठीण खडक), चुनखडी नव्हे. बर्फाच्या बुडाशी दगडगोटे अडकलेले असतात. बर्फ सरकला की ते तळाचा खडक खरवडतात. जातंच म्हणा, फक्त इथे दाणाही दगडाचाच. निघणारं पीठ इतकं बारीक, की पाण्यात तरंगत राहतं आणि उजेड विखुरतं. तोच हा दुधी-राखाडी रंग. हिवाळ्यात वितळणं घटलं की पाणी बरंच निवळतं.

शेजारच्या काकूंच्या देवघरातली गोमुखाच्या पाण्याची बाटली बघितली: वर नितळ पाणी, तळाशी राखेसारखा पातळ थर. हलवली की पुन्हा दूध! (काकू रागावल्या, तो भाग वेगळा.)

आपल्या तापीला गढुळायला पाऊस लागतो. गोमुखाला कडक ऊनही पुरतं; उन्हाळ्यात बर्फ वितळून दुपारनंतर तिथलं पाणी चढतं.