मेनोत्तीवाद आणि बिलार्दोवाद

अर्जेंटिनाच्या फुटबॉलमधील दोन परस्परविरोधी पंथ आणि त्यांच्यातला न संपलेला वाद. सेसार लुईस मेनोत्ती आणि कार्लोस बिलार्दो या दोन प्रशिक्षकांवरून ही नावे पडली. मेनोत्तींच्या संघाने १९७८ मध्ये विश्वचषक जिंकला, बिलार्दोंच्या संघाने १९८६ मध्ये. दोघांच्या पदरात एकेक विश्वचषक पडल्यामुळे 'जिंकला तो खरा' म्हणून वाद मिटवायची सोय उरली नाही. संघ ४-३-३ असा (बचावात चार, मधल्या फळीत तीन, पुढे तीन) उभा करावा की ३-५-२, चेंडू छोट्या पासांनी खेळवत न्यावा की दोन पासांत गोलापाशी पोचवावा, दहा नंबरच्या खेळाडूला, म्हणजे आक्रमण रचणाऱ्याला, किती मोकळीक द्यावी, असे हे प्रश्न. वरकरणी तांत्रिक. पण अर्जेंटिनात त्यांच्या उत्तरावरून माणूस कोणत्या क्लबचा, कोणत्या राजकारणाचा, याचा अंदाज बांधला जातो आणि तो बऱ्याचदा बरोबरही निघतो.

पूर्वपीठिका

फुटबॉल अर्जेंटिनात आणला ब्रिटिशांनी. १९२० च्या दशकात 'एल ग्राफिको' या ब्यूनस आयर्सच्या साप्ताहिकातले लेखक सांगू लागले की इंग्रजांचा खेळ धावण्याचा आणि ताकदीचा, आपला खेळ गल्लीबोळात शिकलेल्या पोराच्या चलाखीचा. पायात चेंडू ठेवून प्रतिस्पर्ध्याला चकवणे म्हणजे 'गांबेता', आणि जवळच्या जवळ दिलेला पास म्हणजे 'तोके'. या शैलीला 'ला नुएस्त्रा', म्हणजे 'आपली', असे नाव मिळाले. तिच्यावरचा विश्वास १९५८ च्या विश्वचषकात उडाला. स्वीडनमधील हेलसिंगबोर्ग येथे चेकोस्लोव्हाकियाने अर्जेंटिनाला ६-१ असे हरवले. संघ मायदेशी परतला तेव्हा विमानतळावर संतापलेला जमाव उभा होता.

त्यानंतर वारे फिरले. व्यायाम, धावणे, प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास यांवर भर आला. ला प्लाता शहरातल्या एस्तुदियान्तेस या क्लबात ओस्वाल्दो सुबेल्दिया या प्रशिक्षकाने कॉर्नर, फ्री किक आणि ऑफसाइडचा सापळा (बचाव फळीने एकदम पुढे सरकून प्रतिस्पर्ध्याला नियमबाह्य जागी पकडणे) यांचा रोजचा रियाज लावला. १९६७ मध्ये या क्लबाने देशातील पाच मोठ्या क्लबांची मक्तेदारी मोडून लीग जिंकली, १९६८ ते १९७० अशी सलग तीन वर्षे दक्षिण अमेरिकेची लिबेर्तादोरेस स्पर्धा जिंकली आणि १९६८ मध्ये मँचेस्टर युनायटेडलाही हरवले. याच संघाच्या मधल्या फळीत वैद्यकीचे शिक्षण घेणारा एक खेळाडू होता: बिलार्दो. पुढे ते स्त्रीरोगतज्ज्ञ झाले. प्रतिस्पर्ध्यांची खाजगी माहिती काढून मैदानावर त्यांना डिवचणे, वेळ काढणे, टाचण्या टोचणे असल्या कथा या संघाबद्दल सांगितल्या जातात. त्यांतल्या किती खऱ्या आणि किती रचलेल्या हे आता वेगळे काढता येणार नाही. १९६९ मध्ये एसी मिलानविरुद्धच्या सामन्यातील मारामारी मात्र सर्वांदेखत झाली आणि तिच्यापायी एस्तुदियान्तेसच्या तीन खेळाडूंना तुरुंगात जावे लागले. या खेळाला विरोधकांनी 'आन्तिफुटबोल', म्हणजे फुटबॉलविरोधी खेळ, हे नाव चिकटवले.

उलट टोकाला १९७३ चा उराकान. ब्यूनस आयर्समधल्या या छोट्या क्लबाला मेनोत्तींनी लीग विजेते केले. औसेमान, ब्रिंदिसी, बाबिंग्टन यांच्या पायांतून चेंडू असा फिरे की इतर क्लबांचे चाहतेही तो पाहायला जात. 'ला नुएस्त्रा' परत आली, असे लोक म्हणू लागले. पुढच्याच वर्षी मेनोत्तींकडे राष्ट्रीय संघ आला.

मेनोत्तींचा पक्ष

मेनोत्ती उंच, लांब केसांचे, सतत सिगारेट ओढणारे आणि कम्युनिस्ट विचारांचे. फुटबॉलमध्येही डावे-उजवे असतात, असे ते मानत. डावा फुटबॉल लोकांना आनंद देतो, उजवा फुटबॉल आयुष्य म्हणजे निव्वळ झगडा आहे असे शिकवतो. मैदानावरच्या दोन-तीन खेळाडूंच्या आपसातील समजुतीला ते 'छोट्या सोसायट्या' म्हणत. एकाने पास द्यायच्या आधी दुसऱ्याने जागा सोडलेली असावी, अशा सोसायट्या जोडत गेले की संघ तयार होतो. व्यूहरचनेचे आकडे त्यांच्या लेखी दुय्यम होते.

१९७८ च्या अंतिम सामन्यात हा संघ ४-३-३ असा उतरला. दोन्ही बगलांवर बेर्तोनी आणि ओर्तीस, मध्ये लुके, मागून धावत येणारा मारिओ केम्पेस. नेदरलँड्सवर जादा वेळेत ३-१ असा विजय, त्यात केम्पेसचे दोन गोल. पण हा विजय मिळाला तेव्हा देशावर लष्करी हुकूमशाही होती आणि चषक हुकूमशहा व्हिदेला यांच्या साक्षीने दिला गेला. अंतिम फेरी गाठायला पेरूविरुद्ध चार गोलांच्या फरकाने जिंकणे भाग होते, अर्जेंटिना ६-० जिंकला. त्या सामन्याबद्दलचा संशय सिद्ध झाला नाही आणि पुसलाही गेला नाही. आपण सेनाधिकाऱ्यांसाठी नव्हे, स्टेडियममधल्या लोकांसाठी खेळलो, असे मेनोत्ती पुढे सांगत. बिलार्दोवादी चाहता या मुद्द्यावर थांबत नाही. 'घरचे मैदान आणि पेरू' हे दोन शब्द त्याला पुरतात.

मुक्त खेळाचे प्रतीक ठरलेला हा संघ प्रत्यक्षात बराच शिस्तबद्ध होता. परदेशी क्लबात खेळणारा एकटा केम्पेस निवडला गेला होता, बाकीच्यांना तयारीसाठी दीर्घकाळ एकत्र ठेवता आले. बचाव फळी वर सरकवून मैदान आखूड करणे, म्हणजे 'आचिके', हे मेनोत्तींचे आवडते हत्यार. त्याचा शेवट ऑफसाइडच्या सापळ्यातच होतो, आणि सुबेल्दियांनी तो लावला तेव्हा त्याला आन्तिफुटबोल म्हटले गेले होते.

बिलार्दोंचा पक्ष आणि ३-५-२

१९८२ च्या विश्वचषकात बेल्जियम, इटली आणि ब्राझील यांच्याकडून हार झाल्यावर मेनोत्ती गेले आणि १९८३ मध्ये बिलार्दो आले. गंमत अशी की ज्या एस्तुदियान्तेस संघाला १९८२ ची लीग जिंकून दिल्यामुळे त्यांची निवड झाली, तो चांगला आक्रमक होता. साबेया, त्रोब्बियानी आणि पोन्से असे तीन कलाकार मधल्या फळीत, आणि चेंडू हिसकावायला त्यांच्या जोडीला एकटा रुसो. 'बिलार्दो म्हणजे बचाव' हे समीकरण मांडणारे हा संघ सोयीस्करपणे विसरतात.

राष्ट्रीय संघात त्यांनी केलेला हिशेब साधा होता. बहुतेक संघ दोन फॉरवर्ड घेऊन खेळू लागले होते, खरे विंगर दुर्मीळ झाले होते. मग मागे चार जण कशाला? दोन फॉरवर्डवर पाळत ठेवणारे दोन मार्कर, त्यांच्या मागे कुणावरही पाळत नसलेला एक मोकळा बचावपटू, म्हणजे लिबेरो, काम भागले. वाचलेला एक खेळाडू मधल्या फळीत गेला की तिथे आपले पाच झाले. मॅराडोना त्या पाचांत धरायचा नाही, तो फॉरवर्डच्या जोडीला मोकळा. संघाने घाम गाळायचा आणि त्या एकाने घाम वाचवायचा, अशी विभागणी.

पात्रता फेरीत हे काही झेपत नव्हते. १९८५ मध्ये पेरूशी घरच्या मैदानावर २-२ अशी बरोबरी करून संघ कसाबसा मेक्सिकोला पोचला. पत्रकार तुटून पडले होते आणि सरकारातूनही बिलार्दोंना काढण्याची हालचाल झाली, पण मॅराडोना त्यांच्या पाठीशी उभा राहिला. स्पर्धेत उरुग्वेविरुद्ध पास्कुल्लीने एकमेव गोल करून सामना जिंकून दिला. पुढच्या, इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात बिलार्दोंनी त्यालाच बसवले आणि मध्यरक्षक एक्तोर एन्रिकेला घेतले. मॅराडोनाच्या त्या जगप्रसिद्ध दुसऱ्या गोलाआधीचा शेवटचा पास याच एन्रिकेचा, स्वतःच्या अर्ध्या भागातला, पाचेक पावलांचा. 'एवढा सुंदर पास दिल्यावर गोल न झाला तरच नवल' ही त्याची थट्टा अर्जेंटिनात अजून ऐकवली जाते.

अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीविरुद्ध होर्हे वाल्दानोला काम दिले होते जर्मनीच्या ब्रीगलमागे धावण्याचे. वाल्दानो विचाराने पक्का मेनोत्तीवादी. तरीही तो निमूटपणे मागे धावला, आणि दुसरा गोल करायला आपल्या अर्ध्या भागातून तिरका धावत पलीकडच्या गोलापर्यंत गेला. सामना ३-२ असा जिंकल्यावर सगळे नाचत होते आणि बिलार्दो मात्र जर्मनीने दोन्ही गोल कॉर्नरवरून केले म्हणून खंतावत होते. चाहत्यांच्या दोन्ही गटांना ही हकिगत प्रिय आहे. एकाला त्यात जातिवंत प्रशिक्षक दिसतो, दुसऱ्याला आनंद गमावलेला माणूस.

भारतात दूरदर्शनने ही स्पर्धा थेट दाखवली. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या एका अख्ख्या पिढीची अर्जेंटिनाशी जवळीक जुळली ती या बिलार्दोंच्या संघामुळे, बिलार्दो हे नाव कुणाच्या फारसे लक्षात न राहता.

१९९० मध्ये त्याच व्यूहाचे दुसरे रूप दिसले. बगलेवरचे दोघे मागे ढकलले गेले की ३-५-२ चे ५-३-२ होते. सात सामन्यांत पाच गोल, दोन फेऱ्या गोलरक्षक गोयकोचेआने पेनल्टी अडवल्यामुळे पार, आणि पश्चिम जर्मनीविरुद्धच्या अंतिम सामन्यात दोन खेळाडू बाहेर काढले जाऊन ब्रेमच्या पेनल्टीवर पराभव. मेनोत्तीवाद्यांना याहून चांगला पुरावा नको होता. बिलार्दोवाद्यांचे म्हणणे असे की जखमी मॅराडोना आणि अर्धा लंगडता संघ घेऊन अंतिम फेरी गाठणे हाच तर प्रशिक्षकाचा विजय.

चाहत्यांमधील वाद

वादाची भूगोलानुसार ढोबळ वाटणी आहे. ला प्लातामध्ये एस्तुदियान्तेसचा चाहता बहुधा बिलार्दोवादी. उराकानचा चाहता मेनोत्तीवादी. रिव्हर प्लेटच्या चाहत्यांना 'पालादार नेग्रो', म्हणजे चोखंदळ जिभेचे, म्हटले जाते. संघ जिंकला पण रटाळ खेळला तर ते आपल्याच संघाविरुद्ध शिट्ट्या मारतात. बोका ज्युनियर्सच्या स्टँडमध्ये जिगरीला जास्त मान.

युक्तिवाद ठरलेले आहेत. दुसऱ्या क्रमांकाला कुणी लक्षात ठेवत नाही, हा बिलार्दोंचा सिद्धान्त. त्यावर उत्तर येते की १९५४ चा हंगेरी आणि १९७४ चा नेदरलँड्स दुसरेच होते आणि आजही त्यांचीच चर्चा होते. मग समोरून प्रश्न: चर्चा होते, पण चषक कुठे आहे? इथपर्यंत आल्यावर आवाज चढतात. या नोंदीच्या लेखकाच्या मते बिलार्दोवाद्यांची अडचण अशी की त्यांचा सर्वोत्तम पुरावा, १९८६ चा संघ, मॅराडोना वगळून तपासता येत नाही. मेनोत्तीवाद्यांची अडचण उलटी. त्यांचा सर्वात सुंदर संघ उराकान, तो अर्जेंटिनाबाहेर फारसा कुणी पाहिलेला नाही, आणि जो सर्वांनी पाहिला तो १९७८ चा संघ त्यांच्या वर्णनाइतका मोकळा खेळला नाही.

दोघा प्रशिक्षकांनी वैर मुलाखतींतून आणि वृत्तपत्री लेखांतून जोपासले. खेळाडूंचेही गट पडले. १९७८ चा कर्णधार पासारेया १९८६ च्या चमूत होता, पण कर्णधारपद मॅराडोनाकडे गेले होते. दोघांचे फाटले, आणि आजारपणामुळे पासारेया एकही सामना खेळला नाही.

नंतरचा काळ

मार्सेलो बिएल्सा यांनी दोघांचाही अभ्यास केला आणि ३-३-१-३ ही आपली वेगळीच मांडणी आणली. २००२ च्या विश्वचषकात ती पहिल्या फेरीतच बाद झाली. २००६ मध्ये होसे पेकेरमान यांच्या संघाने सर्बिया आणि माँटेनेग्रोविरुद्ध केलेला गोल मेनोत्तीवाद्यांच्या घरी फोटोसारखा लावलेला आहे. चेंडू सुमारे २५ पास इकडून तिकडे फिरला, क्रेस्पोने टाचेने मागे ढकलला आणि कांबियासोने जाळ्यात मारला. सामना ६-० सुटला. पण त्याच पेकेरमान यांनी जर्मनीविरुद्ध १-० आघाडीवर असताना रिकेल्मेला बाहेर घेऊन कांबियासोला उतरवले, बाकावरच्या मेस्सीला आणलेच नाही, जर्मनीने बरोबरी साधली आणि अर्जेंटिना पेनल्टींवर हरला. त्या बदलाचे समर्थन करणारा आजही क्वचितच भेटतो. २०१४ मध्ये अंतिम फेरी गाठणारे प्रशिक्षक आलेहांद्रो साबेया हे बिलार्दोंच्या त्या १९८२ च्या संघातले कलाकार.

लिओनेल स्कालोनी २०२२ मध्ये विश्वविजेते झाले तेव्हा राष्ट्रीय संघांचे संचालक मेनोत्ती होते. पण स्कालोनी खेळाडू म्हणून एस्तुदियान्तेसमधूनही गेलेले. कतारमध्ये त्यांनी एकाच व्यूहावर हट्ट धरला नाही. नेदरलँड्सविरुद्ध मागे तिसरा सेंटर बॅक घालून ५-३-२, क्रोएशियाविरुद्ध मधल्या फळीत चौघे, अंतिम सामन्यात फ्रान्सविरुद्ध डाव्या बगलेवर दी मारियाला ठेवून ४-३-३. त्या सामन्यातला अर्जेंटिनाचा दुसरा गोल स्वतःच्या अर्ध्या भागातून सुरू झाला. मेस्सीने एका स्पर्शात चेंडू वळवला, आल्वारेसने पुढे मॅकअलिस्टरला सोडला, त्याने आडवा दी मारियाकडे. वेगवान प्रतिहल्ला म्हणून बिलार्दोवाद्यांनी तो आपला म्हटला, एका स्पर्शाच्या पासांची साखळी म्हणून मेनोत्तीवाद्यांनी. भांडण पुन्हा जुंपले ते दुसऱ्या अर्धातल्या बदलावरून. २-० आघाडीवर असताना ६४ व्या मिनिटाला स्कालोनींनी दी मारियाला काढून बचावपटू आकुन्याला आणले. पुढे एम्बापेने दोन मिनिटांच्या आत दोन गोल करून बरोबरी साधली. चषक पेनल्टींवर मिळाला. मेनोत्ती मे २०२४ मध्ये वारले, दी मारियाला काढायला हवे होते का हा प्रश्न त्यांच्या मागेही चालू आहे.