हलके आरे: पैसे नेमके कशाचे?

सायकलच्या चाकाचा साधा आरा, म्हणजे स्पोक, टोकापासून टोकापर्यंत २ मिलिमीटर जाडीचा असतो. महाग, हलका आरा टोकांना तेवढाच जाड, पण मधल्या लांबीत १.८ किंवा १.५ मिलिमीटरपर्यंत बारीक केलेला असतो. चिमटीत धरून बोटे सरकवली की जाडी कुठे उतरते ते लगेच कळते.

प्रत्येकी ३२ आऱ्यांच्या दोन चाकांत १.५ मिलिमीटरचे आरे घातले, तर वजन साधारण सव्वाशे ते दीडशे ग्रॅमने घटते. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो धरले, तर तासाभराच्या चढावर त्याने सहा सेकंदांच्या आसपास वाचतात. फिरणारे वजन दुप्पट मोजावे, असे सांगितले जाते. ते रिमच्या बाबतीत बरेचसे खरे आहे. आऱ्याचे वजन मात्र हबपासून, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यापासून, रिमपर्यंत पसरलेले असल्याने तो हिशेब सव्वापटीच्या थोडा वर जातो, आणि तोही केवळ वेग वाढवताना. एवढ्यासाठी जास्त पैसे मोजावेत, असे मला वाटत नाही.

खरा फायदा टिकाऊपणाचा आहे. लाकडी चाकात वजन खालच्या आऱ्यावर दाबून बसते. सायकलच्या चाकात सगळे आरे आधीच ताणून बसवलेले असतात आणि जमिनीकडे आलेल्या आऱ्यांचा ताण तेवढ्यापुरता उतरतो. ही चढउतार दर किलोमीटरला सुमारे पावणेपाचशे वेळा होते. आरा सहसा ओझ्याने तुटत नाही. या येरझाऱ्यांनी धातू थकतो आणि हबच्या भोकात वाकलेल्या कोपरापाशी तडा जातो. शंभर किलोच्या ताणाखाली साधा आरा जेमतेम ०.४ मिलिमीटर लांबतो, तर १.५ मिलिमीटरचा सुमारे ०.७. खड्ड्यात रिम ०.४ मिलिमीटर आत दबली, तर साधा आरा पार सैल पडतो. बारीक आऱ्यात मात्र ताण उरतो आणि धक्का शेजारच्या आऱ्यांतही वाटला जातो. बारीक आरा जास्त टिकतो, ही गोष्ट ऐकायला उलटी वाटली तरी तिचे मूळ या लवचीकपणात आहे.

मात्र सगळीकडे बारीक आरे घालणेही बरे नव्हे. चाक आडव्या जोराला थोडे जास्त लवते, आणि वजनदार स्वाराला ते जाणवते. मागच्या चाकात साखळीच्या बाजूचे आरे जास्त ताणलेले, तर डावीकडचे सैलसर असतात. म्हणून उजवीकडे जाड आणि डावीकडे बारीक आरे घालण्याची जाणत्या कारागिरांची पद्धत मला सर्वांत शहाणपणाची वाटते.

चपट्या आऱ्यांचा प्रश्न वेगळा. चाकाच्या वरच्या भागातला आरा सायकलच्या जवळजवळ दुप्पट वेगाने हवा कापतो, त्यामुळे शर्यतीत त्यांचा उपयोग होतो. रोजच्या प्रवासात तो नगण्य.

खर्च करण्यापूर्वी चाक कोण बांधणार, हे पाहावे. निपल, म्हणजे आऱ्याच्या रिमकडच्या टोकाची छोटी चाकी, आवळताना बारीक आरा स्वतःच पिळला जातो, आणि तो पीळ आत राहिला तर पहिल्याच फेरीत कडकड आवाज करत सुटतो व चाक पुन्हा आउट, म्हणजे वाकडे, होते. जाणता कारागीर आऱ्यावर कागदी चिकटपट्टीचा छोटा झेंडा लावतो, निपल हवी त्याहून किंचित जास्त फिरवतो आणि झेंडा मूळ जागी येईपर्यंत मागे घेतो. असा हात मिळणार नसेल, तर १.८ मिलिमीटरवर थांबावे. तो आरा फारसा पिळला जात नाही, आणि टिकाऊपणाचा बराचसा लाभ त्यातही मिळतो.